कामराज आणि बॉम्बखटला

चेन्नईतील गिंडी येथे गांधी मंडपाजवळ के. कामराज यांचे स्मारक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले व येथेच अंत्यसंस्कार झाले. या थोर नेत्यावर एकेकाळी बॉम्बकटाचा आरोप होता, हे आज सहसा कोणाला आठवत नाही.

१५ जुलै १९०३ रोजी विरुधुनगर येथे कामराज यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले, शाळा सुटली आणि लहान वयातच मामांच्या कापडदुकानात काम करावे लागले. १९३० मध्ये वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी आनंदाने पत्करली, कारण कायदा त्यांनी जाणूनबुजून मोडला होता.

१९३३ चे प्रकरण मात्र निराळे होते. विरुधुनगर बॉम्बखटल्यात पोलिसांनी त्यांना खोटेच गोवले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्याला येथे तुरुंगापेक्षाही कलंकाचे भय अधिक होते. मदुराईचे बॅरिस्टर जॉर्ज जोसेफ आणि डॉ. वरदराजुलू नायडू यांनी त्यांची बाजू मांडून आरोप निराधार असल्याचे सिद्ध केले. असे पाठीराखे प्रत्येक निरपराध आरोपीला लाभत नाहीत.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या काँग्रेस बैठकीहून परतताना पोलीस कामराज यांच्या मागावर होते. त्यांना चुकवून, गावोगावी आंदोलनाचा संदेश पोहोचवून ते विरुधुनगरला आले आणि आपण अटकेस तयार आहोत, असे त्यांनी स्वतःच पोलिसांना कळवले. पुढील सुमारे तीन वर्षे ते स्थानबद्ध होते. १९५४ मध्ये हेच कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. पोलीस खाते आता त्यांच्याच सरकारच्या अधिकाराखाली आले.