कोलनचे पाणी

आमच्या गावात कुणाला ताप भरला की गुरुजींच्या घरून एक छोटी बाटली मागून आणीत. वाटीभर पाण्यात तिचे चार-सहा थेंब टाकायचे, त्यात जुन्या धोतराची पट्टी भिजवायची आणि कपाळावर ठेवायची. पट्टी ठेवताच कपाळ गार पडे आणि घरभर लिंबासारखा, पण लिंबापेक्षा नाजूक असा वास दरवळे. या बाटलीला सारे गाव यूडीकोलन म्हणे. क्विनाइनसारखे हेही एखाद्या औषधाचे नाव असावे, अशी माझी समजूत होती. कॉलेजात आल्यावर भूगोलाच्या नकाशात ऱ्हाइन नदीच्या काठी कोलन शहर सापडले, तेव्हा कळले की यूडीकोलन म्हणजे नुसते कोलनचे पाणी! आणि ते तापाचे औषध म्हणून नव्हे, तर दिवसा, उन्हाळ्यात अंगाला लावायचे सुगंधी जल म्हणून जगभर गाजले. ज्या माणसाने ते नावारूपाला आणले, तो मूळचा कोलनचा नव्हताच.

जोव्हान्नी मारिया फरिना याचा जन्म 1685 साली इटलीच्या उत्तर टोकाला, व्हिजेत्सो नावाच्या डोंगरखोऱ्यातील सांता मारिया माज्जोरे या गावी झाला. स्वित्झर्लंडची सरहद्द तेथून हाकेच्या अंतरावर. निसर्ग सुंदर, पण शेती बेताची. असल्या मुलखातल्या माणसांच्या नशिबी जे असते तेच तिथेही होते, पोटासाठी परदेशी जाणे. या खोऱ्यातली मुले युरोपभर धुराडी साफ करायला जात. सहा-सात वर्षांची पोरे अरुंद धुराड्यात चढवीत, कारण मोठ्या माणसाचे अंग आत मावत नसे. सांता मारिया माज्जोरेत आज या मुलांच्या आठवणींचे संग्रहालय आहे. ज्या खोऱ्याने युरोपची काजळी खरवडली, त्याच खोऱ्यातून युरोपचा सर्वांत निर्मळ सुगंध निघावा, याचे मला फार नवल वाटते.

फरिनाचे घराणे मात्र व्यापाऱ्यांचे. त्याचा भाऊ जोव्हान्नी बात्तिस्ता याने 1709 साली कोलनमध्ये दुकान थाटले. रेशीम, लेस, मोजे, तपकिरीच्या डब्या, असा श्रीमंतांच्या हौसेचा माल तेथे मिळे. 1714 साली आपला नायक या दुकानात भागीदार झाला. जर्मन भाषेत त्याच्या नावाचे योहान मारिया झाले. परमुलखात गेलेल्याला नावालाही मुरड घालावी लागते!

त्या काळचे कोलन कसे होते? तटबंदीच्या आत दाटीवाटीची घरे, गटारे उघडी आणि केरकचरा रस्त्यावर. प्रसिद्ध कॅथीड्रल अर्धवट बांधून टाकलेले. त्याच्या अपुऱ्या मनोऱ्यावर मध्ययुगातली लाकडी यारी तशीच उभी होती. कॅथीड्रल पुरे झाले ते 1880 साली. म्हणजे फरिनाने आयुष्यभर ती यारीच पाहिली. शिवाय अंघोळीविषयी लोकांच्या मनात भीती होती. पाण्याने कातडीची रंध्रे उघडतात आणि रोग आत शिरतात, असे वैद्यही सांगत. त्यामुळे अंगाचा वास झाकण्यासाठी कस्तुरी, अंबर, जवादी असले जड, उग्र सुगंध माखून घेत. दुर्गंधीवर सुगंधाचा लेप!

फरिनाला उपजतच तीक्ष्ण नाक लाभले होते. त्याने या लेपाच्या अगदी उलट वाट धरली. 1708 साली त्याने भावाला लिहिलेल्या एका पत्राची हकीकत सांगतात. आपल्याला असा सुगंध साधला आहे की त्याने पाऊस पडून गेल्यानंतरची इटलीतली वसंतातली सकाळ, डोंगरावरची नर्गिसची फुले आणि नारिंगाचा मोहोर आठवतो, असा त्या पत्राचा आशय. कस्तुरी नाही, अंबर नाही. आठवण कशाची, तर ओल्या सकाळची! घर सोडून वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. पहिल्या पावसाच्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून मातीचा वास आला की आमचेही चित्त व्याख्यानावरून उडते. आम्ही उसासा टाकून पुन्हा वही उघडतो. फरिनाने मात्र ती आठवण बाटलीत भरून दाखवली.

हे त्याने कसे साधले? पहिली गोष्ट म्हणजे शुद्ध मद्यार्क. आपल्याकडे कनौजचे अत्तर चंदनाच्या तेलात फुलांचा अर्क उतरवून करतात. ते अंगाला धरून राहते आणि संध्याकाळपर्यंत दरवळते. फरिनाने वाईनपासून काढलेला मद्यार्क घेतला आणि त्यात संत्रे, लिंबू, बर्गमॉट यांच्या सालींची तेले व नारिंगाच्या फुलांचे तेल अगदी थोड्या प्रमाणात मिसळले. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात होणारे लिंबाच्या जातीचे फळ. त्याच्या सालीत आंबटपणाही असतो आणि फुलाचा गोडवाही. ही सारी तेले चटकन उडून जाणारी. मद्यार्क उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, म्हणून अंग गार होते. त्याच्याबरोबर सालींचा ताजा वास उसळतो आणि मागे फुलांचा मंद गंध तासभर रेंगाळतो. भर उन्हात अत्तर डोक्यात चढते, हे पाणी तसे चढत नाही. गुरुजींच्या बाटलीने आमचे कपाळ का निवे, त्याचे कोडे मला इथे उलगडले.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. फळाफुलांचे पीक दरवर्षी सारखे येत नाही. एका साली तेल गोड, तर दुसऱ्या साली कडवट. पण गिऱ्हाइकाला मात्र मागच्या वर्षीचाच वास हवा असतो. वेगवेगळ्या पिकांची तेले हुंगून, तोलून, एकमेकांत मिसळून दरवेळी तोच सुगंध उभा करण्यात फरिनाची खरी कर्तबगारी होती. रसायनशास्त्राची आजची उपकरणे तेव्हा नव्हती. साधन एकच, स्वतःचे नाक.

या पाण्याला त्याने आपल्या खोऱ्याचे नाव दिले नाही, स्वतःचेही दिले नाही. ज्या शहराने थारा दिला, त्याचे नाव राजदरबारांच्या फ्रेंच भाषेत बाटलीला दिले. 1732 साली भाऊ वारला आणि पेढीचा सारा भार त्याच्यावर पडला. पुढे रेशीम मागे पडत गेले आणि पाणी पुढे आले. कोलनचा आर्चबिशप क्लेमेन्स ऑगस्ट त्याचा गिऱ्हाईक होता आणि युरोपातल्या दरबारांतून मागणी येत होती. 1756 ते 1763 या सात वर्षांच्या युद्धात फ्रेंच सैन्य कोलनमध्ये उतरले. परतताना अधिकाऱ्यांनी या बाटल्या पॅरिसला नेल्या. लढाईने शहरे बेचिराख होतात हे इतिहासात वाचतो; सुगंधाचा प्रसारही तिने व्हावा, हा एक चमत्कारच!

1766 साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, फरिना कोलनमध्येच वारला. त्यानंतर तीन वर्षांनी जन्मलेला नेपोलियन पुढे कोलनच्या पाण्याचा एवढा शौकीन निघाला की बाटल्याच्या बाटल्या डोक्यावर, खांद्यावर ओतून घेई. लोक हे पाणी औषध म्हणून पीतही असत. 1810 साली नेपोलियनच्याच सरकारने गुप्त औषधांची कृती जाहीर करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कृती उघड होऊ नये म्हणून विक्रेत्यांनी ते फक्त अंगाला लावायचे पाणी ठरवले.

पण घात केला तो नावानेच. शहराच्या नावावर कुणा एकाचा हक्क कसा सांगणार? हे पाणी मुळात फरिनाचे नव्हे, त्याच्याच खोऱ्यातून आलेल्या फेमिनिस याचे, असाही दावा पुढे आला आणि त्यावर बरीच शाई खर्ची पडली. 1794 साली फ्रेंचांनी कोलन घेतले. पुढे जुने निर्बंध सुटले आणि ज्याला त्याला कोलनचे पाणी विकता येऊ लागले. त्याहून पुढची गंमत म्हणजे चक्क फरिना हे नावच विक्रीला निघाले! 1803 साली म्यूलहेन्स नावाच्या व्यापाऱ्याने बॉनच्या एका फरिनाकडून ते नाव विकत घेतले. या फरिनाचा कोलनच्या पेढीशी काही संबंध नव्हता. नावाचे रक्षण करणारा कायदा जर्मनीत आला 1874 साली. 1881 साली म्यूलहेन्स घराण्याला फरिना हे नाव सोडावे लागले, तेव्हा त्यांनी आपल्या घराचा क्रमांकच बाटलीवर छापला. तो 4711 हा आकडा आजही दुकानांत दिसतो.

फरिनाची पेढी अजून चालू आहे, त्याच घराण्याच्या आठव्या पिढीकडे. कोलनच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर शहराच्या इतिहासातील 124 व्यक्तींचे पुतळे आहेत. त्यांत सम्राट आहेत, धर्मगुरू आहेत आणि डोंगरातून आलेला हा इटालियन व्यापारीही आहे. सुटीत गावी गेलो तेव्हा गुरुजींकडची बाटली मुद्दाम मागून पाहिली. चिठ्ठीवर कोलन होते. फरिना कुठेच नव्हता. बूच काढून हुंगले, तर तळाशी थोडासा वास अजून शिल्लक होता.