जखमींचा कैवारी : जोसेफ लिस्टर

इ. स. १८६५ च्या ऑगस्ट महिन्याची १२ तारीख होती. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या रॉयल इन्फर्मरी या इस्पितळात अकरा वर्षांच्या एका मुलास आणण्यात आले. त्याचे नाव जेम्स. गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते. नडगीचे हाड मोडले होते आणि कातडी फाटून जखम झाली होती. त्या काळी अशी जखम म्हणजे मोठेच संकट असे. जखमेत पू होई, मांस सडू लागे आणि प्राण वाचविण्यासाठी पाय कापावा लागे. पाय कापूनही पुष्कळ रोगी दगावत. परंतु जेम्सवर उपचार करणाऱ्या शस्त्रवैद्याच्या मनात एक निराळाच विचार घोळत होता. हे शस्त्रवैद्य म्हणजे जोसेफ लिस्टर.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळील अप्टन या गावी झाला. त्यांचे वडील मद्याचे व्यापारी होते; पण सूक्ष्मदर्शक यंत्राची भिंगे सुधारण्यात त्यांनी मोठे नाव मिळविले होते. डोळ्यांना न दिसणारे जग पाहण्याची गोडी लिस्टर यांस अशी घरातच लागली. लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते एडिंबरो येथे प्रख्यात शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रयोगांच्या कामी व टिपणे लिहिण्याच्या कामी ती त्यांस जन्मभर साहाय्य करीत असे.

इ. स. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. भूल देण्याची कला त्यापूर्वीच साध्य झाली होती. शस्त्रक्रियेतील वेदना टळल्या होत्या. मृत्यू मात्र टळला नव्हता. लिस्टर यांच्याच इस्पितळात हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ जण दगावले होते. दूषित हवेमुळे जखमा सडतात, असे बहुतेक वैद्य मानीत. लिस्टर यांस हे पटत नव्हते.

याच सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले. पदार्थ नासतात ते हवेमुळे नव्हे, तर सूक्ष्म जंतूंमुळे, असे पाश्चर यांनी सिद्ध केले होते. मग जखमाही जंतूंमुळेच सडत असतील काय? तसे असेल, तर जंतूंचा नाश केल्यास जखम सडणार नाही. कार्लाइल शहरात सांडपाण्याची घाण नाहीशी करण्यासाठी कारबॉलिक ॲसिड वापरीत, हे लिस्टर यांस ठाऊक होते. तेच द्रव्य जखमेवर वापरून पाहण्याचे त्यांनी ठरविले.

जेम्सची जखम त्यांनी कारबॉलिक ॲसिडने धुतली आणि त्यात भिजविलेले कापड तिच्यावर बांधले. चार दिवसांनी त्यांनी पट्टी सोडली. जखमेत पूचा मागमूस नव्हता! सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळून आले आणि जेम्स आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेला.

तथापि, एक अडचण उरली होती. कारबॉलिक ॲसिड जंतूंना मारी, तसेच ते कातडीलाही भाजी. जेम्सच्या जखमेच्या कडा लाल झाल्या होत्या. जंतू मरावेत आणि मांसास इजा होऊ नये, हे साधावयाचे कसे? लिस्टर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. कधी त्यांनी ॲसिड जवसाच्या तेलात व खडूच्या भुकटीत कालवून त्याचा लगदा केला, तर कधी लाखेत मिसळून पट्ट्या केल्या. शेवटी त्यांनी जाळीदार कापडाच्या आठ घड्या घेतल्या व त्या ॲसिड, राळ आणि मेण यांच्या मिश्रणाने भारल्या. त्यामुळे ॲसिड एकदम न सुटता हळूहळू बाहेर पडे. जखमेला त्याचा दाह होऊ नये, म्हणून मध्ये ते रेशमी कापडाचा पातळ पापुद्रा ठेवीत. रक्तवाहिन्या बांधण्यासाठी त्यांनी मेंढीच्या आतड्यापासून केलेला जंतुरहित दोरा वापरला. हा दोरा काही दिवसांनी शरीरातच विरून जाई.

इ. स. १८६७ मध्ये लिस्टर यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. अनेकांनी त्यांची थट्टा केली. डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूवर त्यांचा विश्वास बसेना. लिस्टर वाद घालीत बसले नाहीत. नव्या पद्धतीने हातपाय कापलेल्या ४० रोग्यांपैकी केवळ ६ जण दगावले. हे आकडेच त्यांच्या वतीने बोलत होते. हळूहळू सर्व जगाने त्यांची पद्धती स्वीकारली. इ. स. १८९२ मध्ये पॅरिस येथे पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा सोहळा झाला. तेथे भर सभेत पाश्चर यांनी लिस्टर यांस प्रेमाने आलिंगन दिले.

लिस्टर यांस उमरावपद मिळाले, मानसन्मान मिळाले; परंतु त्यांची वृत्ती नम्रच राहिली. स्वतःची चूक दिसताच ते ती कबूल करीत. हवेतील जंतू मारण्यासाठी त्यांनी ॲसिडचे तुषार उडविणारे यंत्र वापरात आणले होते. ते अनावश्यक ठरताच त्यांनी स्वतःच टाकून दिले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे पत्नीच्या शेजारीच त्यांचे दफन करण्यात आले.

आज शास्त्रज्ञ आपोआप विरघळणारे पापुद्रे आणि पाणी धरून ठेवणारे मऊ हायड्रोजेल यांच्या पट्ट्या तयार करीत आहेत. त्यांत जंतुनाशक औषध भरता येते. ते जखमेवर हळूहळू झिरपते आणि जखम ओलसर राहून भरून येते. साधने बदलली, पण लिस्टर यांच्यापुढील प्रश्न तोच आहे : शत्रू मरावा आणि शरीर मात्र सुखरूप राहावे. खेळताना गुडघा खरचटला आणि त्यावर स्वच्छ पट्टी बांधली गेली, की ग्लासगोच्या त्या अकरा वर्षांच्या मुलाची आणि त्याचा पाय वाचविणाऱ्या त्या धीराच्या शस्त्रवैद्याची आठवण आपण अवश्य करावी.