कै. धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ प्रोफेसर केळफा

गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं मनीषनगरांतील आमच्या घरीं चार-पांच विद्यार्थी मेजाभोंवतीं बसले होते. मेजावर कागद, पेन्सिली व नाना आकारांचे फांसे पसरले होते. चौकशी करतां कळलें कीं, हा एक कथेचा खेळ असून इ. स. १९७४ सालीं अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन गृहस्थांनीं तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें प्रसिद्ध केला. एक गडी सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो; बाकीचे एकेक पात्र धारण करून त्या गोष्टींत शिरतात. प्रत्येक पात्राचें बल, चापल्य, सहनशक्ति, बुद्धि, शहाणपण व छाप हे सहा गुण आधीं ठरवून कागदावर मांडावे लागतात. त्या मुलांपैकीं एकास जादूगार व्हावयाचें होतें. त्याचे फांसे उत्तम पडले होते. परंतु जादूगाराचें नांव काय, तो कोठला, जादू कोणापाशीं शिकला आणि तिच्यापायीं त्यानें काय गमावलें, हें कांहीं केल्या त्यास सुचेना.

त्या खेळांतील जादूगाराविषयींचे नियम मला मोठे मार्मिक वाटले. त्याचें शरीर दुबळें असतें. जड चिलखत त्यास पेलत नाहीं. त्याची सारी भिस्त बुद्धीवर आणि जवळच्या एका पोथीवर. जुन्या नियमांप्रमाणें तर एकदां मंत्र वापरला कीं तो स्मरणांतून जातो, व पुन्हां पोथी उघडून अभ्यास केल्यावांचून हातीं येत नाहीं. मीं त्या मुलास म्हटलें कीं, असा एक जादूगार आपल्या महाराष्ट्रांतच होऊन गेला, आणि त्यानें आपलें नांव कसें तयार केलें तें ऐकण्यासारखें आहे. त्या दिवशीं सांगितलेली हकीकत येथें जरा विस्तारानें देत आहे.

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरीं ता. ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री या नांवानें ओळखले जाणारे संस्कृत पंडित. मुलानेंही शास्त्री व्हावें ही घरची स्वाभाविक अपेक्षा. पुढें दाजीशास्त्र्यांस मुंबईस विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं चालविलेल्या विद्यालयांत त्र्यंबकेश्वरचा शास्त्री संस्कृत शिकवूं लागतो, ही गोष्ट त्या काळाविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते. कुटुंब मुंबईस आलें, आणि इ. स. १८८५ मध्यें धुंडिराजांनीं पोथीऐवजीं कुंचला धरून जे. जे. कलाशाळेंत नांव घातलें.

तेथून ते वडिलबंधूंबरोबर बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरींत कलाभवन नांवाची संस्था निघाली होती व प्रो. गज्जर तिचे प्रमुख होते. फाळके तेथें चित्रकला, छायाचित्रण, ओतकाम, वास्तुशिल्प असें जें जें दिसेल तें तें शिकत सुटले. आजचे पालक अशा मुलास ‘धरसोड्या’ म्हणतील, आणि मीही कदाचित् तोच शेरा प्रगतिपुस्तकांत लिहिला असता. परंतु ह्या साऱ्या विद्या पुढें एकाच कामीं येणार होत्या.

छायाचित्रकाराचा धंदा करण्यासाठीं ते गोध्र्यास जाऊन राहिले. तेथें त्यांच्यावर वज्राघात झाला. प्लेगची साथ आली व तींत त्यांची पहिली पत्नी आणि मूल हीं दोन्ही दगावलीं. फाळके गोध्रा सोडून बडोद्यास परत आले. धंदाही नीट चालेना. छायाचित्र काढविल्यानें माणसाचें आयुष्य कमी होतें, अशी समजूत त्या काळीं लोकांत होती. ह्याच सुमारास एका परदेशी जादूगाराशीं त्यांची गांठ पडली. त्याच्या सहवासांत त्यांनीं हातचलाखीचे व भ्रमाचे खेळ शिकून घेतले, आणि इ. स. १९०१ च्या आसपास ते स्वतःच रंगमंचावर जादूगार म्हणून उभे राहिले.

आतां नांवाची गोष्ट. ‘फाळके’ हीं तीन अक्षरें उलट वाचलीं म्हणजे ‘केळफा’ होतें. त्याच्यामागें त्यांनीं ‘प्रोफेसर’ ही पदवी लावली. युरोपांतील जादूगार ती सर्रास लावीत. (आम्हां शिक्षकांस ह्या पदवीसाठीं किती परीक्षा द्याव्या लागतात, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.) प्रोफेसर केळफा! ऐकणारास वाटावें, हा कोणी दूरदेशचा सिद्ध पुरुष असावा. आणि वस्तुतः तो होता त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांचा मुलगा, तोच, केवळ उलट बाजूनें वाचलेला. पात्र निर्माण करूं पाहणाऱ्या मुलास मीं हेंच दाखविलें. फाळक्यांनीं नवा माणूस आकाशांतून आणला नाहीं. ज्याचें घर नुकतेंच रिकामें झालें होतें अशा माणसानें आपल्याच नांवाचीं अक्षरें फिरविलीं आणि तो लोकांस आश्चर्य वांटीत उभा राहिला.

इ. स. १९०२ मध्यें त्यांचा दुसरा विवाह झाला. ह्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांजविषयीं पुढें लिहावयाचें आहे. त्यानंतर पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून फाळक्यांनीं नोकरी केली, ती सोडली, लोणावळ्यास व पुढें दादरास छापखाना चालविला, राजा रविवर्म्याच्या छापखान्याचें शिळाछापाचें काम केलें, रंगीत छपाईची यंत्रें आणण्यासाठीं जर्मनीचा प्रवास केला, आणि शेवटीं भागीदारांशीं मतभेद होऊन तोही धंदा सोडला. वय चाळिशीचें. हातीं कांहीं नाहीं.

अशा मनःस्थितींत मुंबईंतील एका तंबूवजा चित्रपटगृहांत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. ही इ. स. १९१०-११ मधील घटना. आपल्या शाळेंत नाताळच्या वेळीं मुलें तीच कथा दरवर्षीं नाटकरूपानें करतात; त्यांस हें वाचून विशेष वाटेल. बेथलेहेमचा गोठा, टेकडीवरील प्रवचन, क्रूस हीं दृश्यें पडद्यावरून सरकत असतां फाळक्यांच्या डोळ्यांपुढें मात्र गोकुळ व अयोध्या उभ्या राहूं लागल्या. परदेशी लोक आपली पवित्र कथा अशी जिवंत करूं शकतात, तर आपल्या कथा कां नाहीं, ह्या एका विचारानें त्यांस पछाडलें. दुसऱ्या खेळास त्यांनीं सरस्वतीबाईंस बरोबर नेलें आणि खेळ संपल्यावर यंत्र कसें चालतें तें त्यांस दाखविलें.

त्यानंतरचे महिने म्हणजे जादूगाराचा पोथीवरील अभ्यास होय. मिळेल तो चित्रपट पाहणें, फिल्मचे तुकडे जमविणें, रात्र रात्र तीं चित्रें भिंगाखालीं न्याहाळणें, असा क्रम चालला. त्या ताणानें त्यांची दृष्टि गेली. डॉक्टरांच्या उपचारानें ती परत आली, परंतु तीन-चार चष्मे आलटून पालटून लावावे लागत. पैसा नव्हता तेव्हां त्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली व इ. स. १९१२ च्या आरंभीं लंडन गांठलें. तेथें सेसिल हेपवर्थ या निर्मात्यानें आपल्या चित्रशाळेंत त्यांस काम पाहूं दिलें. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते स्वदेशीं परतले.

परत आल्यावर त्यांनीं पहिला चित्रपट काढला तो राजाचाही नव्हे, देवाचाही नव्हे, तर वाटाण्याच्या दाण्याचा. कुंडींत वाटाणा पेरला, पुढें कॅमेरा रोखला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडथोडीं चित्रें घेत गेले. पडद्यावर मिनिटभरांत अंकुर फुटून रोपटें वर चढूं लागलें. सावकारमंडळी थक्क झाली व भांडवलाची सोय लागली. केळफाच्या टोपींतून कबुतर निघत असेल, त्याहून ही जादू निराळी. हींत खोटें कांहींच नव्हतें. वाटाणा खरोखरच तसा वाढला होता. जादूगारानें केवळ वेळ आंखडून घेतली होती.

‘राजा हरिश्चंद्र’ काढतांना आलेल्या अडचणी सर्वश्रुत आहेत. तारामतीचें काम करण्यास स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहांतील स्वयंपाकी अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवावें लागलें. चित्रपटांत काम करणें कमीपणाचें समजलें जाई. म्हणून नटांनीं आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत नोकरीस आहों असें सांगावें, अशी युक्ति फाळक्यांनीं काढली होती. बाह्य दृश्यांसाठीं मंडळी तलवारीभाल्यांसह एका खेड्यांत उतरली, तेव्हां गांवकऱ्यांस दरोडेखोर आल्याचा संशय येऊन सर्वांस अडकविण्यांत आलें. कॅमेरा चालवून दाखविला तेव्हां कोठें सुटका झाली.

परंतु ह्या सर्वांमागें जी शक्ति होती ती सरस्वतीबाईंची. विलायतेहून आलेल्या फिल्मच्या कडांस भोंकें पाडावीं लागत, व तें काम अंधारांत करावें लागे. तें त्या करीत. रसायनें त्या मिसळीत. भर उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या मुद्रेवर प्रकाश पाडीत. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. दागिनेही गहाण पडले होते. मेजावरच्या खेळांत जादूगाराच्या कागदावर त्याचे मंत्र लिहिण्यास जागा असते. त्याचा दिवा कोण धरतो हें लिहिण्यास रकाना नसतो. मुलांस मीं तो आंखावयास लावला.

आणखी एक प्रसंग सांगावयाचा कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला. हरिश्चंद्राच्या मुलाचें, रोहिदासाचें, काम फाळक्यांचा वडील मुलगा भालचंद्र करीत होता. चित्रीकरण चालू असतां तो खडकावर पडला, डोक्यास जखम होऊन बेशुद्ध झाला. मंडळींनीं काम थांबवावें असें सुचविलें. पुढील दृश्य मृत रोहिदासाच्या चितेचें होतें. फाळक्यांनीं मुलास उपचार केले, आणि त्याच अवस्थेंत त्याला चितेवर ठेवून दृश्य पुरें केलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलगा पुढें बरा झाला. कित्येक लेखक ह्या गोष्टीचा निष्ठेचें उदाहरण म्हणून गौरव करतात. मला तसें करवत नाहीं. ज्यानें एक मूल प्लेगमध्यें गमावलें होतें त्याच्या हातून हें कसें झालें, हें कोडें मला सुटलेलें नाहीं. आणि ह्या माणसाचा मोठेपणा मानीत असतांही तें मी तसेंच राहूं देतों.

ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कोरोनेशन चित्रपटगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, आणि पुढील सुमारें दोन तपांत फाळक्यांनीं नव्वदाहून अधिक चित्रपट व कित्येक लहान चित्रपट निर्माण केले. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला यांनीं कामें केलीं, आणि चित्रपटांत स्त्रिया न येण्याचा प्रश्न मिटूं लागला. इ. स. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्यें राम व सीता हीं दोन्ही कामें एकट्या साळुंक्यांनीं केलीं. देव एकाएकीं प्रकट होतात, मारुती उड्डाण करितो, हें सर्व कॅमेरा मध्येंच थांबवून अथवा एकाच फिल्मवर दोनदां चित्र घेऊन साधलेलें असे. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हा ह्याच वाटेनें आधीं गेला होता, आणि तोही मुळांत रंगमंचावरील जादूगारच.

प्रोफेसर केळफासही फाळके विसरले नव्हते. त्याच्या जादूच्या खेळांचाही एक लहानसा चित्रपट त्यांनीं काढला. परंतु सामान्य जादूगार आणि फाळके यांत एक मोठा भेद आहे. जादूगार आपला हात लपवितो. फाळक्यांनीं चित्रपट कसे तयार होतात ह्यावरच एक लघुपट करून तो लोकांस दाखविला. आणि इ. स. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्यें तर त्यांनीं कमालच केली. बाळकृष्णाचें काम त्यांची लहान कन्या मंदाकिनी हिनें केलें आहे. चित्रपटाच्या आरंभीं ती साधी मुलगी म्हणून आपल्यापुढें येते. हंसते, रुसते, निरनिराळे भाव दाखविते. आणि मग पाहतां पाहतां ती मुद्रा विरघळून तेथें मुकुटधारी कृष्ण दिसूं लागतो. हें सोंग आहे, ही माझी मुलगी आहे, असें आधींच सांगून टाकल्यावरही लोक त्या कृष्णावर भाळले. हा चित्रपट बव्हंशीं उपलब्ध आहे. पालकांनीं मुलांस अवश्य दाखवावा.

उत्तरायुष्य सुखाचें गेलें नाहीं. भागीदारांबरोबर इ. स. १९१८ सालीं नाशिकास काढलेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनींत खटके उडाले. ते रागावून काशीस जाऊन राहिले, परत आले, पुन्हां दुरावले. इ. स. १९३१ मध्यें बोलपट आला आणि मूकपटाची सारी जादू एका वर्षांत जुनी झाली. ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनीं कोल्हापुरास इ. स. १९३७ मध्यें काढला. त्यानंतर नाशकांतच त्यांचे दिवस विपन्नावस्थेंत गेले व ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. इ. स. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नांवें चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च पारितोषिक देत आहे.

ही हकीकत सांगून होईतों पाऊस उघडला होता. ज्या मुलाचें नांव अडलें होतें त्यानें कागदाच्या कोपऱ्यांत स्वतःचें आडनांव उलट लिहून पाहिलें. तें उच्चारतांना सर्व मुलें खो खो हंसलीं, तरी त्यानें तेंच कायम ठेवलें. नंतर पेन्सिल खालीं ठेवून त्यानें विचारलें कीं, चादर धरणाऱ्या बाईंसही ह्या खेळांत एक पात्र म्हणून घेतां येईल काय. सूत्रधार झालेल्या मुलानें फांसे गोळा केले आणि ते पुन्हां टाकण्यासाठीं त्याच्याकडे सरकविले.