येरवड्याचा कैदी, पावसचे स्वामी



आजचं वाचन गीतेच्या चौथ्या अध्यायातला अठरावा श्लोक. कर्मात अकर्म पाहणारा आणि अकर्मात कर्म पाहणारा, तोच खरा शहाणा, असं भगवंत इथे सांगतात. पहिल्यांदा वाचलं की डोकं गरगरतं. माउलींनी मात्र हे किती सोपं केलंय! नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडं पळताना दिसतात, पण झाडं असतात जागच्या जागी. तेरेखोलच्या फेरीबोटीत बसून मी हे लहानपणापासून पाहत आलोय. सूर्याचंही तेच. तो उगवतो आणि मावळतो असं आपण म्हणतो, पण चालत तो कुठेच नाही.

मागच्या आठवड्यात मुंबईतल्या एका मैत्रिणीने मेसेज करून विचारलं, की बाहेर जगात इतकं काय काय चाललेलं असताना आपण पोथी घेऊन बसतो, ही पळवाट नाही का? प्रश्न बोचला, कारण तो मलाही पडतो. उत्तर म्हणून मी तिला एका माणसाचं आयुष्य सांगितलं. आज तेच तुम्हाला सांगतो.

आमच्या रेडीच्या शेजारी शिरोडा. १९३० च्या मे महिन्यात तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. त्या काळात कोकणातल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी तुरुंगात गेलेलं होतं. तिकडे वर, रत्नागिरीजवळच्या पावस गावातला एक तरुणही त्याच लाटेत होता. त्याचं नाव रामचंद्र विष्णू गोडबोले. आज आपण त्यांना स्वामी स्वरूपानंद म्हणतो.

जन्म १५ डिसेंबर १९०३ चा, पावसचाच. प्राथमिक शिक्षण गावात, मग रत्नागिरी, मग मुंबई. वडिलधाऱ्यांच्या अपेक्षा तेव्हाही आजच्यासारख्याच असणार. मुलाने शिकावं, नोकरीला लागावं. पण गांधीजींची असहकाराची हाक आली आणि या मुलाने शाळा सोडली. वय जेमतेम सतरा-अठरा. गावी परत येऊन तो नुसता बसला नाही. पावसमध्ये त्याने स्वावलंबनाश्रम नावाची शाळा काढली. पोरांनी स्वतःच्या हातांवर उभं राहावं, हा त्यामागचा हेतू.

याच सुमारास, १९२३ मध्ये, आयुष्याला दुसरा धागा जोडला गेला. मामा केशवराव गोखले त्यांना पुण्याला गणेशनाथ वैद्य यांच्याकडे घेऊन गेले. बाबामहाराज वैद्य म्हणून ओळखले जाणारे हे सद्गुरू नाथपंथातले. निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांकडे आलेलीच ही परंपरा. त्यांच्याकडून रामचंद्रांना सोऽहं साधनेचा अनुग्रह मिळाला. पुढे पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्यांनी वाङ्मयविशारदची पदवी घेतली.

गंमत बघा. अनुग्रह मिळाला म्हणून त्यांनी चळवळ सोडली नाही, आणि चळवळ आहे म्हणून साधनाही सोडली नाही. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत ते सत्याग्रहात उतरले, पकडले गेले आणि येरवड्याच्या तुरुंगात जाऊन पडले.

तुरुंग आणि आपले ग्रंथ यांचं नातं तसं जुनं आहे. लोकमान्यांनी गीतारहस्य लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात. विनोबांची गीता प्रवचनं झाली १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी. येरवड्याचा हा तरुण कैदी तेव्हा कुणाला फारसा माहीत नव्हता. पण त्या भिंतींच्या आतच त्याने नऊ ओव्यांची एक छोटी रचना केली, नवरत्नहार. बाहेरून सरकारने कोंडलेलं आणि आत सोऽहं चालू. राजकीय कैदी आणि साधक हे त्या कोठडीत दोन वेगळे लोक नव्हते.

सुटून आल्यावर १९३४ मध्ये ते पावसला असताना आजार आला. ताप हटेना, शक्ती जाईना का, जीवच जायची वेळ आली. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून. तिशीतला माणूस, देशासाठी काहीतरी करायचं म्हणून निघालेला, आणि आता कुशीवर वळायलाही बळ नाही. अशा वेळी आपण काय करतो? चिडतो, रडतो, माझ्याच वाट्याला का म्हणतो. त्यांनी मृत्यूकडे तोंड करून साधनाच चालू ठेवली. त्या अवस्थेत देहाचं भय सुटत गेलं आणि आतलं काहीतरी लख्ख झालं. तो अनुभव त्यांनी अमृतधारा या रचनेत उतरवला.

जीव वाचला, पण प्रकृती कायमची नाजूक झाली. पावसच्या देसाई कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्या घराचं नाव अनंत निवास. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं स्वामी तिथेच राहिले. ना सभा, ना दौरे, ना मोठा मठ. एक साधी खोली आणि भेटायला येणारी माणसं.

आता इथेच मैत्रिणीचा प्रश्न परत येतो. सत्याग्रहात उतरलेला माणूस एका खोलीत जाऊन बसला. ही माघार म्हणायची का?

त्या खोलीत काय झालं ते बघा. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. सातशे वर्षांपूर्वीची भाषा, साध्या माणसाला वाचताना अडखळायला होतं. स्वामींनी ती अख्खी ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत अभंगांमधून मांडली. तीच अभंग ज्ञानेश्वरी. मग अनुभवामृत आणि चांगदेव पासष्टीही अभंगांत आणली. भावार्थ गीता लिहिली. स्वतःच्या अनुभवाचे अभंग संजीवनी गाथेत आले. आणि ज्यांना रोज पोथी वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी ज्ञानेश्वरीतल्या शंभरावर निवडक ओव्यांचा नित्यपाठ तयार केला. लोकल पकडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटांत होतो तो. म्हणजे आपल्यासारख्यांचा विचार त्यांनी तेव्हाच करून ठेवला होता!

गावातल्या पोरांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे विशीतलं काम होतं. ज्ञानेश्वरी वाचायला कुणा पंडिताची गरज पडू नये, वाचणाऱ्याने ती स्वतःच्या बळावर वाचावी, हे नंतरचं काम. मला तरी दोन्हींत एकच माणूस दिसतो. बाहेरून पाहिलं तर स्वामी एका जागी बसलेले. पण काम थांबलेलं नव्हतं. माउलींच्या दाखल्यातल्या नावेसारखी आपली नजरच हलत असते, म्हणून कोण चाललंय आणि कोण थांबलंय हे आपल्याला नीट कळत नाही.

१५ ऑगस्ट १९७४ ला स्वामींनी देह ठेवला. ज्या स्वातंत्र्यासाठी ते तुरुंगात गेले, त्याच स्वातंत्र्याचा तो दिवस. पावसला आज त्यांचं समाधिमंदिर आहे. अनंत निवासातली ती खोलीही बघण्यासारखी आहे. कोकणात आलात की नुसता समुद्र बघून परत जाऊ नका.

मैत्रिणीला मी शेवटी एवढंच म्हटलं, की पोथी पळवाट होऊ शकते, नक्कीच होऊ शकते. ती पळवाट आहे की नाही हे पोथीवरून ठरत नाही, उठल्यावर आपण काय करतो यावरून ठरतं. स्वामी तुरुंगात जायला घाबरले नाहीत, आणि अंथरुणाला खिळले तेव्हा रिकामेही बसले नाहीत. जे वाट्याला आलं त्यातच काम शोधलं.

आजचा अभ्यास छोटासा. तुमच्या आयुष्यात सध्या कुठली गोष्ट अडकून पडलीय? नोकरी, तब्येत, घरातलं आजारपण? पाच मिनिटं डोळे मिटून श्वासाबरोबर सोऽहं म्हणा आणि स्वतःला विचारा, याच जागी बसून मला कुणासाठी काय करता येईल? उत्तर छोटं आलं तरी चालेल. ते आजच करा.

उद्या एकोणिसावा श्लोक.

राम कृष्ण हरी!