तारांच्या जाळ्यामागचे अर्थतज्ज्ञ

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरला जाताना आधी कोरेगाव भीमा लागते. तेथील विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी आले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आज याच पट्ट्यातले शेतीपंप आणि कारखाने ज्या वीजव्यवस्थेवर चालतात, तिच्या पायाभरणीतही त्यांचा वाटा होता. हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

बाबासाहेब विजेकडे आले ते अर्थशास्त्राच्या वाटेने. कोलंबिया विद्यापीठात शिकून परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडून दारिद्र्य हटणार नाही. गरजेपेक्षा जास्त माणसे शेतीवर अवलंबून आहेत आणि त्यांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. उद्योग वाढवायचे तर स्वस्त वीज हवी.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सिंचन आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून वीज मिळत होती. पण देशभरातील बहुतेक खासगी कंपन्या शहरांतच अडकल्या होत्या. शहरात एका खांबामागे अनेक ग्राहक मिळतात. खेड्यात मैलभर तार ओढावी तेव्हा दोन-चार घरे जोडली जातात, आणि तो खर्च वसूल होत नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजधोरणाच्या समितीसमोर बाबासाहेबांनी मूळ प्रश्न मांडले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती.

या प्रश्नांमागे विज्ञानाचाही आधार होता. तारेतून प्रवाह वाहताना ती तापते आणि काही वीज वाया जाते. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजने पाठवली, तर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतली ही हानी चौथ्या हिश्शावर येते. म्हणून दूरवर वीज उच्च दाबाने न्यायची, उपकेंद्रात दाब उतरवायचा आणि गावच्या डीपीवर आणखी कमी करायचा. शिवाय अनेक केंद्रे एका जाळ्यात जोडली, की एकाच्या अडचणीत दुसरे मदतीला येते. सगळ्यांची मागणी एकाच घटकेला शिगेला पोहोचत नाही, त्यामुळे एकूण यंत्रसामग्री कमी लागते. असे जाळे एकेका शहरापुरत्या परवान्यांतून उभे राहणे कठीण होते.

तांत्रिक आराखडे अभियंत्यांचे होते. त्यांना एकत्र आणणारी यंत्रणा बाबासाहेबांच्या खात्याने उभारली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार झाला. १९४६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुढे वीजपुरवठ्याचे विधेयक पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांनी मांडले. १९४८ च्या त्या कायद्याने केंद्रीय वीज प्राधिकरणाची आणि राज्य वीज मंडळांची तरतूद केली. राज्यघटनेतही वीज हा विषय समवर्ती सूचीत आला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. त्याच कायद्याखाली १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी खांब उभे राहू लागले. १९४८ च्या कायद्याची जागा २००३ च्या नव्या कायद्याने घेतली, २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. तरीही रानातल्या शेवटच्या पंपापर्यंत तार नेण्याचा खर्च रस्त्याकाठच्या कारखान्यापेक्षा जास्तच पडतो. तो कोणी सोसायचा, हा हिशेब आजही दरवेळी वीजदर ठरवताना पुन्हा मांडावा लागतो.