साडेतीन हात जागा

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तेथील ड्यूक विल्यम याने इ. स. १०६६ मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडवर स्वारी केली. हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरॉल्ड राजा मारला गेला व विल्यम इंग्लंडचा राजा झाला. तेथील जुन्या सरदारांच्या जमिनी हिरावून घेऊन त्याने त्या आपल्या अनुयायांना वाटून दिल्या. त्याचा दरारा असा, की त्याच्यापुढे ब्र काढण्याची कोणाची छाती होत नसे.

१०८७ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राजाशी तंटा होऊन विल्यमने मांत हे गाव जाळले. त्याच स्वारीत त्याला दुखणे जडले. रूआँ शहराबाहेरील एका मठात तो अंथरुणाला खिळला. आपल्या हातून घडलेल्या क्रौर्याचा त्यास पश्चात्ताप झाला. त्याने कैद्यांना मुक्त करण्याची आज्ञा दिली आणि ९ सप्टेंबर रोजी सकाळी प्राण सोडला.

पुढे जे घडले, ते ऑर्डेरिक या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. राजाने डोळे मिटताच सरदार आपापली मालमत्ता सांभाळण्यासाठी घोड्यांवर बसून निघून गेले. सेवकांनी शस्त्रे, भांडी, वस्त्रे, जे हाती लागले ते लुटले. राजाचा देह जमिनीवर तसाच बेवारस पडून राहिला. अखेर हेर्लुइन नावाच्या एका साध्या सरदाराला दया आली. त्याने पदरचा पैसा खर्चून ते शव नावेतून काँ नगरीकडे नेले.

काँ येथे विल्यमनेच बांधविलेले सेंट स्टीफनचे मंदिर होते. तेथे दफनविधी चालू असता आसेलिन नावाचा एक मनुष्य गर्दीतून पुढे आला. ही जागा आपल्या वडिलांच्या घराची असून विल्यमने ती बळजबरीने घेतली, तेव्हा येथे त्याचे दफन होऊ देणार नाही, असे त्याने सर्वांसमक्ष निर्भयपणे सांगितले. धर्मगुरूंनी त्याला दटावले नाही. त्यांनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली. आसेलिनचे म्हणणे खरे ठरले. तेव्हा त्याला थडग्याच्या जागेबद्दल ६० शिलिंग देण्यात आले व उरलेल्या जमिनीचाही मोबदला देण्याचे वचन मिळाले. मगच दफन पार पडले.

ज्याने सारे इंग्लंड तलवारीच्या बळावर घेतले, त्याच्या देहाला साडेतीन हात जागा मात्र मोल देऊनच मिळाली.