घाटमाथ्यावरचे पाणी, मुंबईची वीज

लोणावळ्याला जाणाऱ्या पुणेकरांना वळवणचे धरण परिचयाचे आहे. या धरणामागची कल्पना ज्यांनी लावून धरली, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांना मात्र ते पाहायला मिळाले नाही.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या व्यापारात आले. 1877 मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळी गिरण्या वाफेवर चालत. मुंबईला कोळसा दुरून आणावा लागे. तो महाग पडे, शिवाय त्याचा धूर गिरणगावातील कामगारांच्या छातीत जाई. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस साठवून त्यापासून वीज करावी, असे जमशेटजींच्या मनाने घेतले.

अडचण अंतराची होती. पाणी घाटाखाली खोपोलीला पडणार आणि वीज हवी सुमारे 70 किलोमीटरवरच्या मुंबईत. तारेतून प्रवाह गेला की तार तापते आणि वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला, तर ही नासाडी चौपट होते.

यावरचा उपाय म्हणजे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर. त्यात लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. दुसऱ्या वेटोळ्याचे वेढे पहिल्याच्या 20 पट असतील, तर विजेचा दाब 20 पट होतो आणि प्रवाह विसाव्या हिश्शावर येतो. समजा, 5000 व्होल्ट दाबाने 200 अँपिअर प्रवाह आत गेला, तर 1 लाख व्होल्टने 10 अँपिअर बाहेर पडेल. दोन्हींचा गुणाकार तोच राहतो, कारण रोहित्र नवी शक्ती निर्माण करत नाही. तारेतील नासाडी मात्र 400 पटींनी कमी होते. शहरात पोहोचल्यावर वेढ्यांचे प्रमाण उलटे ठेवून दाब पुन्हा उतरवतात. 1896 मध्ये अमेरिकेत नायगराची वीज याच तत्त्वावर बफेलो शहरात पोहोचली होती.

19 मे 1904 रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पुढे पुत्र दोराबजी यांनी हे काम हाती घेतले. 1910 मध्ये कंपनी स्थापन झाली, 1911 मध्ये वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज सुमारे 1 लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली.

या विजेची किंमत मावळातील शेतकऱ्यांनी मोजली. टाटांच्या पुढच्या योजनेत मुळशीच्या धरणाखाली जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. तरीही धरण झाले. मुंबईचा धूर कमी करणाऱ्या विजेची गोष्ट सांगताना बुडालेल्या गावांनाही विसरता येत नाही.

आज आपल्या गल्लीतला डीपी 11,000 व्होल्टचा दाब घरगुती 230 व्होल्टपर्यंत उतरवतो, तो वेढ्यांच्या याच हिशेबाने.